राक्षसी शिकारी पक्षी विदर्भात होते का?

झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डीचे षटकोनी दगडी खांब २०२१ मध्ये अभ्यासक सुरेश चोपणे यांनी लोकांपुढे आणले. ते कुणी घडवलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आक्रसला, तडकला आणि हे खांब तयार झाले. एवढा जुना दगड म्हटला की डायनासोर आठवतात. पाठोपाठ आठवतात ते मोबाइलवरच्या व्हिडिओंतले, माणसाहून उंच आणि घोड्याचा फडशा पाडणारे पक्षी. असे पक्षी आपल्याही रानात हिंडले असतील, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही.

हे ‘टेरर बर्ड’ प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतले. त्यांचा काळ महाकाय डायनासोर संपल्यानंतरचा आहे, म्हणजे या दोघांची झुंज कधी झालीच नाही. भारतात त्यांचे एकही हाड मिळालेले नाही. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा-डोंगरगाव भागात मोठी हाडे मिळाली, पण ती लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांची.

टेरर बर्डची ताकदही फुगवून सांगितली जाते. अर्जेंटिनातल्या केलेन्केन या पक्ष्याची कवटी ७१ सेंटिमीटर लांब होती. एवढे मोठे डोके दुसऱ्या कुठल्याच ज्ञात पक्ष्याचे नाही. पण त्याच कुळातल्या अँडलगॅलॉर्निसच्या कवटीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. वरून खाली घाव घालायला ती भक्कम होती, आडव्या हिसक्याला मात्र कच्ची. धडपडणारे मोठे जनावर चोचीत धरून झटकणे तिला धोक्याचे होते. टोचायचे, मागे सरायचे, पुन्हा टोचायचे, अशी त्याची शिकार असावी. टेरर बर्डचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग म्हणजे दक्षिण अमेरिकेतला सेरिएमा पक्षी. तो सरडे-साप जमिनीवर आपटून मारतो.

मोठा पक्षी म्हणजे मांसाहारीच, हा तर सर्वांत चिवट गैरसमज. युरोपातला गॅस्टॉर्निस कित्येक वर्षे छोट्या घोड्यांचा कर्दनकाळ म्हणून रंगवला गेला. त्याच्या चोचीला शिकारी पक्ष्यासारखा आकडा नव्हता, आणि हाडांतल्या कॅल्शियमच्या तपासणीतून तो वनस्पती खाणारा ठरला.

महाराष्ट्रात न उडणारा मोठा पक्षी होता, तो शहामृग. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्यांची टरफले, त्यांचे मणी आणि रेषांची नक्षी कोरलेला सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा एक तुकडा मिळाला. भारतात मिळालेल्या अशाच टरफलांतल्या डीएनएवरून हा पक्षी आफ्रिकी शहामृगाचा सगा असल्याचे २०१७ मध्ये सिद्ध झाले. माझ्या लेखी, माणसाने हाताने कोरलेले ते टरफल कुठल्याही राक्षसी चोचीपेक्षा मोलाचे आहे.

झरी परिसरात नाल्याच्या काठी वेगळे दगड, शंख किंवा जाड टरफले दिसली तर फोडू नका, हलवू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.