कर्नाळ्याचा अंगठा आणि हातातले यंत्र

पनवेल सोडून एस.टी. गोव्याच्या रस्त्याला लागली की थोड्याच वेळात डोंगराच्या माथ्यावर एक उभा सुळका दिसू लागतो. मुठीतून अंगठा वर काढावा तसा. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर जाण्यासाठी महाडची वाट धरणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी तो गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. हाच कर्नाळ्याचा किल्ला. पण गाडीतून उतरून त्याच्या पायथ्यापर्यंत गेलेले आपल्यात थोडेच. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या वस्तीतली सहा मुले-मुली आणि मी असे सात जण तिथे गेलो. डबे घरचे, पाण्याच्या बाटल्या घरच्या. उसने होते ते एकच, हातात मावणारे जीपीएस यंत्र. गिर्यारोहण करणाऱ्या एका मित्राने ते दिवसभरासाठी दिले होते.

त्या दिवशी मुले जे शिकली, ते आपल्या घराघरांत पोहोचावे म्हणून हा लेख.

यंत्राला जागा कशी कळते?

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसच्या आसपास उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत राहतो. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. अशी चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपण कुठे उभे आहोत ते कळते. तीन अंतरे जागेसाठी, चौथे यंत्राच्या घड्याळातली चूक दुरुस्त करण्यासाठी. यंत्र फक्त ऐकते, बोलत नाही. म्हणून मोबाइलला रेंज नसली तरी त्यातले जीपीएस चालते. नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा लागतो.

ही सोय मुळात लष्करासाठी होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रणा सामान्य लोकांसाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या सुरुवातीला ही मुद्दाम केलेली चूक बंद झाली. लगेच ३ मे रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली रानात लपवली, तिची जागा अक्षांश-रेखांशांत जाहीर केली आणि लोकांना शोधायला सांगितले. हाच जिओकॅशिंग हा खेळ. आज तो जगभर खेळला जातो.

डबा न लपवता खेळ

मुलांचा पहिला प्रश्न होता, "काका, आपण कुठे डबा लपवायचा?" मी सांगितले, इथे नाही. कर्नाळा हे १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. आधी ते साडेचार चौरस किलोमीटरचे होते, २००३ मध्ये वाढून बारा चौरस किलोमीटरचे झाले. पावसाळ्यात घरट्यासाठी येणारा तिबोटी खंड्या इथलाच पाहुणा. अशा रानात डबा पुरणे, दगड हलवणे, पायवाट सोडून झुडपांत घुसणे योग्य नाही. या खेळाचा डब्याशिवायचाही एक प्रकार आहे. त्यात ठरलेल्या जागी पोहोचायचे, निरीक्षण करायचे आणि प्रश्नाचे उत्तर लिहायचे. आम्ही तसाच खेळलो. खालच्या दरवाजाच्या आतल्या अंगाला असलेला शिलालेख कोणत्या भाषेत आहे? सुळक्याच्या तळाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी किती? सुळक्याचा काळा दगड कसा तयार झाला असेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लाव्हारस हे आहे. सातवीतल्या मुलीने ते बरोबर लिहिले.

जागा कशी नोंदवायची?

यंत्रात नोंदवलेल्या जागेला वेपॉइंट म्हणतात. आपण तिला खूण म्हणू. ती दोन प्रकारे नोंदवता येते.

पहिला प्रकार, आपण जिथे उभे आहोत ती जागा. त्यासाठी मोकळ्या आकाशाखाली थांबावे, यंत्र छातीसमोर स्थिर धरावे आणि पडद्यावर चुकीचा अंदाज किती मीटर दिसतो ते पाहावे. तो कमी होऊन स्थिरावला की 'मार्क' करावे. दाट झाडीत आणि उभ्या कड्याजवळ संदेश अडतात, दगडावर आपटून येतात, म्हणून तिथे जास्त वेळ द्यावा. मग खुणेला छोटे, पण अर्थ कळेल असे नाव द्यावे. यंत्र आपोआप ००१, ००२ असे आकडे देते. संध्याकाळी त्यातले काहीच आठवत नाही. आमच्या मुलांनी गेट, फाटा, देऊळ, टाके अशी नावे इंग्रजी अक्षरांत दिली.

दुसरा प्रकार, कागदावर लिहून आणलेली जागा हाताने भरणे. घोटाळा होतो तो इथेच. एकच जागा तीन तऱ्हेने लिहिता येते. कर्नाळा किल्ल्याचे उदाहरण घेऊ. त्याचा अक्षांश साधारण १८ अंश ५२ मिनिटे ५४ सेकंद. हाच अक्षांश १८ अंश ५२.९०० मिनिटे असाही लिहितात आणि १८.८८१७ अंश असाही. तिन्ही बरोबर आहेत, कारण ६० सेकंदांचे एक मिनिट आणि ६० मिनिटांचा एक अंश. ५४ सेकंद म्हणजे मिनिटाचे नऊ दशांश, ०.९.

ओव्हरटाइमचा हिशेब ठेवणाऱ्या कामगाराला हे चटकन कळेल. दोन तास तीस मिनिटे म्हणजे २.३० तास नव्हेत, अडीच तास. कोणी २.३० ने गुणून पैसे दिले तर आपण गप्प बसू का?

म्हणून भरण्याआधी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कोणत्या तऱ्हेने जागा मागते ते पाहावे आणि कागदावरची तऱ्हा तीच आहे ना, हे ताडावे. सेटिंगमध्ये 'डेटम' या ठिकाणी डब्ल्यूजीएस ८४ असावे. जुन्या सरकारी नकाशांचा पाया वेगळा असल्याने शे-दोनशे मीटरचा फरक पडू शकतो. रेखांशातले ०७ मिनिटांचे शून्य गाळू नये. भरून झाल्यावर एकाने आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून तपासावेत.

आमची चूक

आम्ही हे तपासले नाही. नववीतल्या मुलाने कागदावरचे ५२ मिनिटे ५४ सेकंद यंत्रात ५२.५४० मिनिटे असे भरले. मीही चष्मा न लावता "ठीक आहे" म्हणालो. ५२.९०० ऐवजी ५२.५४० म्हणजे मिनिटाची एक तृतीयांशाहून थोडी जास्त चूक. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. याचा अर्थ आमची खूण किल्ल्यापासून साडेसहाशे मीटर दक्षिणेला, रानात जाऊन पडली.

हीच चूक मोठी असती तर लगेच कळली असती. १८ अंश ५२.९ मिनिटे ही जागा १८.५२९ अंश अशी भरली असती तर यंत्राने किल्ला एकोणचाळीस किलोमीटर दूर दाखवला असता आणि सगळे हसले असते. साडेसहाशे मीटरला कोणी हसत नाही. ते खरेच वाटते.

अर्धा डोंगर चढल्यावर एका ठिकाणी ढोरवाट फुटली. सुई त्या वाटेकडे वळली. मुले निघालीसुद्धा. तेवढ्यात सर्वांत लहान मुलगी थांबली आणि म्हणाली, "पण अंगठा तर तिकडे आहे!" झाडांच्या फटीतून सुळका दिसत होता आणि सुई त्याला सोडून भलतीकडे बोट दाखवत होती. त्या पोरीने आम्हाला वाचवले. त्या वाटेने आम्ही उतरून गेलो असतो तर परतायला अंधार झाला असता आणि आमच्याजवळ एकच बॅटरी होती.

तिथेच बसून आकडे दुरुस्त केले. पुढे किल्ल्यावर गेलो, टाकी मोजली आणि सुळक्याला लांबूनच पाहिले. त्यावर आग्या मोहोळे असतात. आरडाओरडा, धूर, अत्तर हे तिथे जिवावर बेतू शकते.

खेळाच्या पलीकडे

वाट दाखवायला आमच्याबरोबर पायथ्याच्या वाडीतला एक ठाकर तरुण होता. मुले यंत्राशी खटपट करीत असताना तो मला म्हणाला, "काका, हे आमच्या रानात पण आणलं होतं. बापाची जमीन मोजायला." वनहक्काच्या दाव्याची ती मोजणी होती. कोपरे घाईने, दाट झाडाखाली न थांबता नोंदवले गेले आणि कागदावर जमीन कमी भरली. मोजणारे कोण, हे इथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की त्या वेळी घरातल्या कोणालाही पडद्यावरचे आकडे वाचता येत नव्हते.

हिशेब करून पाहा. ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद असा तुकडा म्हणजे सुमारे एक एकर. प्रत्येक बाजू केवळ पाच मीटर आत धरली गेली तर उरते ७० गुणिले ४०. चार हजार चौरस मीटरचे अठ्ठावीसशे झाले. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दाव्याची पडताळणी करून नकाशा तयार करण्याचे काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे, म्हणजे गावातल्याच माणसांचे आहे. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. २०१२ च्या दुरुस्त नियमांत असेही स्पष्ट केले आहे की उपग्रहाची चित्रे आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना जोड म्हणून आहेत, त्यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. म्हणजे यंत्राचा आकडा हा शेवटचा शब्द नाही. पण तो आकडा चुकला आहे हे दाखवायचे, तर आधी तो वाचता आला पाहिजे.

परतताना त्या तरुणाने यंत्र मागून घेतले. आमच्या नववीतल्या मुलाने, सकाळी चूक करणाऱ्यानेच, त्याला खूण कशी नोंदवायची, आकडे कसे तपासायचे ते शिकवले. दोघे फाटकाजवळ मोकळ्या जागेत बराच वेळ उभे होते. गाडीची वेळ होत आली तरी मी त्यांना हाक मारली नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे. यासाठी नवे यंत्र विकत घ्यायला नको. घरातल्या साध्या स्मार्टफोनवर फुकट मिळणारे ॲप पुरते. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन आपले घर, शाळा, पाण्याचा नळ, गावाकडच्या जमिनीचे चार कोपरे नोंदवा. आकडे वहीत लिहा. एकाने वाचावे, दुसऱ्याने तपासावे. आणि मुलांना दोन्ही शिकवा, पडद्याकडे पाहणे आणि मान वर करून डोंगराकडे पाहणेही.