लेझर कोणता, हे आधी विचारा

‘येथे लेझरने शस्त्रक्रिया होते’ अशा पाट्या आता लहान गावांतही दिसतात. त्यामुळे लेझर म्हणजे एकच सर्वगुणसंपन्न यंत्र, असा समज होतो. हा समज रुग्णाला आणि यंत्रात भांडवल घालणाऱ्या डॉक्टरलाही महाग पडू शकतो. म्हणून घन लेझरची थोडी ओळख आम्ही करून देत आहोत.

अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी पहिला लेझर चालवला. त्यात कृत्रिम माणकाची कांडी होती. अशा कांडीवर प्रखर प्रकाश टाकला की स्फटिकात मिसळलेल्या मूलद्रव्याचे अणू तो शोषतात आणि ठराविक तरंगलांबीचा प्रकाश देतात. मूलद्रव्य बदलले की तरंगलांबी बदलते, आणि तिच्याबरोबर कामही.

याग नावाच्या स्फटिकात निओडिमियम असेल तर १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण मिळतो. तो डोळ्याच्या पारदर्शक भागातून आत जातो. मोतीबिंदू काढल्यावर पुढे कधी कधी कृत्रिम भिंगामागील पडदा गढूळ होतो. हा किरण चीर न देता त्यात छिद्र पाडतो व काही मिनिटांत काम होते. होल्मियम घातले तर सुमारे २१०० नॅनोमीटरचा किरण मिळतो. तो पाणी चटकन शोषते, त्यामुळे शरीरात खोल शिरत नाही. बारीक तंतूतून तो मूतखड्यापर्यंत नेऊन खडा फोडतात. एर्बियमचा २९४० नॅनोमीटरचा किरण त्वचा व दातांसाठी वापरतात. एकाचे काम दुसरा करील, असे समजू नये.

मोतीबिंदूच्या प्रचलित फेको शस्त्रक्रियेत भिंग फोडतात ते श्राव्यातीत ध्वनिलहरींनी, लेझरने नव्हे. तेव्हा ‘लेझर’चे वेगळे पैसे मागितले तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर वापरणार, हे रुग्णाने विचारावे.

यंत्र घेणाऱ्यांनी केवळ किमतीकडे पाहू नये. दिव्यावर चालणाऱ्या यंत्राचा दिवा झिजतो, तंतू वापराने खराब होतात. दोन्हींचा खर्च धरावा. संरक्षक चष्म्यावर आपल्या लेझरची तरंगलांबी छापलेली आहे ना, हे तपासावे. निओडिमियमचा किरण दिसत नाही, पण थेट दृष्टिपटलावर पोहोचतो. तेथे चुकीचा चष्मा कामाचा नाही, आणि गेलेली नजर पैसे मोजून परत मिळत नाही.