औषधी चूळ : उपयोग, काळजी आणि मर्यादा

दातांच्या डॉक्टरांकडून परतलेल्या मनुष्याच्या हाती हल्ली चिठ्ठीबरोबर बहुधा एक बाटली असते. तिच्यावरील मजकूर इंग्रजीत, घरातील बोली मराठी किंवा कन्नड, आणि ज्यांच्यासाठी औषध आणले ते वडीलधारे यांपैकी लेबल वाचणारे क्वचितच. परिणामी चार दिवसांचे औषध चार महिने चालते, किंवा दोन दिवसांत कपाटात जाते. आमच्याच घरी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अशी बाटली चिठ्ठी न दाखविता पुनःपुन्हा आणून सहा महिने वापरली. दात तपकिरी झाले, जेवणाची चव गेली, आणि हिरड्यांचा मूळ विकार होता तिथेच राहिला. आपल्या सभासद कुटुंबांत असे घडू नये, म्हणून हा लेख.

या बाटलीत बहुधा क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट नावाचे जंतुनाशक असते. इंग्लंडमध्ये तयार झालेले हे द्रव्य १९५४ साली जंतुनाशक म्हणून प्रचारात आले. पुढे १९७० साली डेन्मार्कमधील हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी शोट यांनी दाखवून दिले की, दात घासणे थांबविले असतानाही दिवसातून दोनदा या द्रव्याची चूळ भरल्यास दातांवर जंतूंचा थर साचत नाही. याचे कारण असे की, हे द्रव्य दातांना व तोंडाच्या आतील त्वचेला चिकटून राहते आणि कित्येक तास थोडे थोडे सुटत जाते. म्हणूनच ते दिवसातून दोनच वेळा पुरते. अधिक वेळा वापरल्याने अधिक गुण येत नाही.

आता वापरण्याची रीत पाहू. आपल्याकडे सामान्यतः ०.२ टक्के प्रमाणाचे औषध मिळते. त्याचे १० मिलिलिटर, म्हणजे झाकणाच्या मापाने मोजून घेऊन, सुमारे एक मिनिट तोंडात सर्व बाजूंनी खळखळवावे व थुंकून टाकावे. गिळू नये. डॉक्टरांनी वेगळे प्रमाण किंवा पाणी मिसळण्यास सांगितले असेल, तर तेच प्रमाण मानावे. चूळ भरल्यावर लगेच पाण्याने तोंड धुऊ नये, आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. नाहीतर चिकटलेले औषध वाहून जाते. दात घासल्याबरोबरही चूळ भरू नये. दंतमंजनाच्या पेस्टमधील फेस आणणारे द्रव्य आणि हे औषध एकत्र आले की दोन्हींचा प्रभाव सरतो. तेव्हा पेस्टनंतर तोंड स्वच्छ धुऊन अर्धा तास थांबावे.

सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य करणाऱ्या चौविहारी मंडळींनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. सायंकाळचे भोजन लवकर उरकून सूर्यास्तापूर्वी चूळ भरण्याची वेळ बांधून घेता येते. उपवासाच्या दिवशी काय करावे, तेही तेव्हाच विचारून घ्यावे. आपल्याच मनाने औषध सोडू नये. काही चुळांमध्ये मद्यार्क असतो. तो नको असल्यास मद्यार्करहित औषध लिहून देण्याची विनंती करावी. तसे औषध मिळते.

दात काढल्यानंतर पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये. त्या जागी धरलेली रक्ताची गाठ निघून गेली, तर वेदना व रक्तस्राव वाढतो. चूळ कधी सुरू करावी, हे डॉक्टरच सांगतील.

या औषधाचे काही उपद्रवही आहेत. दातांवर व जिभेवर तपकिरी डाग पडतात. दुकानात दिवसभर चालणारा चहा, तसेच पान-तंबाखू यांनी ते वाढतात. डॉक्टरांकडून दात स्वच्छ करून घेतल्यास ते निघतात. काही काळ चव बदलते, दातांवर कीटण वाढते. क्वचित अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे, श्वास कोंडणे अशी तीव्र प्रतिक्रिया होते. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१७ साली याविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. असे झाल्यास औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे, व पुढे प्रत्येक डॉक्टरांना ही प्रतिक्रिया सांगावी. बाटली डोळे व कान यांपासून, तसेच मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. जखम धुण्यासाठी मिळणारे तीव्र जंतुनाशक या चुळीऐवजी कदापि वापरू नये. मुलांना व गर्भवतींना हे औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. निपाणीच्या परिसरात तंबाखूचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वखारीत आणि घरोघरी तिची सवयही आहे. तंबाखू खाणारा वा ओढणारा मनुष्य तोंडाचा वास व हिरड्यांचे रक्त यांवर उपाय म्हणून चूळ भरू लागतो आणि निर्धास्त होतो. ही निर्धास्ती घातक होय. चूळ वरचा थर आवरते. हिरडीखाली खोल गेलेल्या विकाराला ती पोचत नाही, दातांवर साठलेले कठीण कीटण काढीत नाही, आणि तोंडाचा कर्करोग तर मुळीच रोखीत नाही. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, अथवा तोंड उघडण्यास होणारा त्रास दिसला, तर चूळ भरीत न बसता तपासणी करून घ्यावी. बेळगावात १९८५ साली सुरू झालेले के.एल.ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय आहे. निपाणीकरांना कोल्हापूरही दूर नाही.

आपण व्यापारी. वहीत तारीख घातल्याशिवाय आपण रक्कम लिहीत नाही. तशीच औषधाच्या बाटलीवर सुरू केल्याची व संपविण्याची तारीख मराठीत लिहावी. ही मुदत सामान्यतः एक ते दोन आठवड्यांची असते. क्वचित डॉक्टर ती चार आठवड्यांपर्यंत वाढवितात. मुदत संपली की चिठ्ठी पुन्हा दाखवावी. एवढी शिस्त पाळली, तर ही चूळ घरातील मंडळींच्या खरोखर हिताची ठरेल, अशी आमची श्रद्धा आहे.