नातवंडांसमवेत जपान

व्यापारी मनुष्य प्रवास करतो तो बहुधा मालासाठी किंवा वसुलीसाठी, आणि उतारवयात यात्रेसाठी. केवळ पाहण्यासाठी, तेही घरची लहान मुले बरोबर घेऊन, समुद्रापलीकडे जाणे आमच्या पिढीच्या फारसे अंगवळणी पडलेले नाही. तथापि २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता, चिरंजीव व सूनबाई, बारा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू असे सहाजण पंधरा दिवस जपानात हिंडून आलो. प्रस्थानापूर्वी बेळगावच्या धान्यपेठेतील स्नेह्यांनी एकच शंका पुनःपुन्हा बोलून दाखविली : "तुम्ही मोठी माणसे निभावून न्याल, पण मुलांचे आहाराचे नियम परदेशात टिकतील काय?" शंका रास्त होती. एकदा सुटलेला नियम पुन्हा धरणे किती कठीण, हे आपण सर्वच जाणतो. त्या शंकेस अनुभवाने मिळालेले उत्तर सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जपानात एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंत सार्वजनिक सुट्ट्या लागोपाठ येतात आणि सारा देश प्रवासास निघतो. ती गर्दी टाळून आम्ही ८ मे रोजी टोकियोस उतरलो. तेथील जुन्या पंचांगाप्रमाणे ५ मेच्या सुमारास उन्हाळा लागतो. प्रत्यक्षात हवा आपल्याकडील माघ-फाल्गुनासारखी सुखद होती. सूर्य पहाटे पाचपूर्वीच उगवतो आणि सायंकाळी साडेसहाच्या पुढे मावळतो. रात्रिभोजन न करणाऱ्या कुटुंबास हा काळ विशेष सोयीचा. पाच-साडेपाचला जेवण उरकून दिवस मोकळा करण्याची सवय मुलांना दोनच दिवसांत लागली.

खरी अडचण पदार्थांची. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचे पाणी. ते बहुधा सुकविलेल्या माशाचे तुकडे उकळून काढतात आणि सूप, शेवया, भाजी, आमटीसारखे पातळ पदार्थ या सर्वांत घालतात. म्हणून ताटात मासा दिसत नाही एवढ्यावरून ते ताट निरामिष ठरत नाही. बौद्ध मठांत 'शोजिन र्‍योरी' नावाची पाकपद्धती शतकानुशतके चालत आली आहे. तीत मांस, मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य आहे. मात्र मुळा, कमळाची मुळे इत्यादी कंदमुळे तीत सर्रास असतात; ज्यांना ती चालत नाहीत त्यांनी आगाऊ कळवावे. आमच्यासोबत खाकरे, दशम्या, मेतकूट व चटण्या होत्याच. शिवाय उतरण्याची जागा स्वयंपाकघरासह घेतली होती. त्यामुळे ताजा भात रोज मिळाला.

परंतु मुलांचे खरे शिक्षण याच अडचणीतून झाले. घरी जे ताटात येते ते नियमाचेच असते. तेथे प्रश्नच उद्भवत नाही. परदेशात प्रत्येक दुकानात विचारावे लागते, "यात काय आहे?" आणि नातवाने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "आजी, आपण हे का खात नाही?" सौभाग्यवतींनी त्याला न रागावता सांगितले, "बाळा, जीव सर्वांना प्रिय असतो, म्हणून." नातीने मासा, मांस आणि अंडे यांची जपानी अक्षरचिन्हे वहीत काढून घेतली व पाकिटावरील मजकूर तपासण्याचे काम स्वतःकडे घेतले. पंधरा दिवस ती आम्हां मोठ्यांची पारखी होती.

टोकियोत आम्ही मुलांना उएनोचे प्राणिसंग्रहालय दाखविले. १९४३ साली युद्धकाळात, बाँबहल्ल्यात पिंजरे फुटून हिंस्र पशू मोकळे सुटतील या भीतीने, तेथील प्राणी मारण्याचा हुकूम निघाला. तीन हत्ती होते. विषारी अन्न त्यांनी तोंडात धरले नाही, तेव्हा त्यांना उपाशी ठेवून मारण्यात आले. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंस पत्रे लिहून हत्ती मागितला. नेहरूंनी १९४९ साली म्हैसूरकडील एक हत्तीण भेट म्हणून पाठविली व तिला आपल्या कन्येचे 'इंदिरा' हे नाव दिले. ती १९८३ पर्यंत तेथे जगली. हा वृत्तान्त ऐकून नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हत्ती तर गवत खातो. त्याने कोणाचे काय केले असते?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, तो प्रश्न मुलास पडला, हेच पुष्कळ झाले.

टोकियोहून ओसाकास 'शिंकान्सेन' या वेगवान आगगाडीने गेलो. ही गाडी १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. आज सुमारे ५१५ किलोमीटरचे अंतर ती अडीच तासांत तोडते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट पडते. वाटेत खिडकीतून भाताची खाचरे दिसत होती. काहींत पाणी भरलेले, काहींत यंत्राने नुकतीच लावणी झालेली. आपल्याकडे वैशाखात शिवार कोरडे असते, त्यामुळे हे हिरवे दृश्य मुलांना अपूर्वाईचे वाटले.

ओसाकाहून नारा जवळ आहे. तोदाईजी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली भारतातून गेलेल्या बोधिसेन नामक भिक्षूंच्या हस्ते झाला, हे ऐकून मान ताठ होते. मुलांस मात्र तेथील हरणे अधिक आवडली. हजारावर हरणे रस्त्यांतून निर्भयपणे हिंडतात. कासुगा देवस्थानाचे दूत म्हणून शतकानुशतके त्यांना अभय आहे. त्यांना चारण्यास ज्या पातळ चकत्या विकत मिळतात, त्या भाताचा कोंडा व गव्हाचे पीठ यांच्या असतात. कोंड्याचा हा उपयोग पाहून आमच्यातील धान्यव्यापारी संतुष्ट झाला!

कोबे शहराच्या कितानो भागात १९८५ साली बांधलेले श्री महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवरी दगडाचे जैन मंदिर आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर योकोहामाचे अनेक भारतीय व्यापारी कोबेस आले आणि तेथे भारतीयांची वस्ती वाढली. पुढे व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी हे मंदिर उभारले. एवढ्या दूर णमोकार मंत्र उच्चारताना मुलांचे स्वर आपोआप मोठे झाले.

धान्याचा व्यापार ज्याचा चरितार्थ आहे, त्याने ओसाकात दोजिमा पाहिल्याशिवाय परतू नये. तेथील तांदूळबाजारातील वायदेव्यवहारास १७३० साली शासनाने अधिकृत मान्यता दिली. जगातील पहिला संघटित वायदेबाजार म्हणून त्याची गणना होते. आता तेथे बाजार नाही. भव्य तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे स्मारक आहे. योगायोग असा की, आम्ही गेलो तेव्हा त्याच देशात तांदूळ हाच चिंतेचा विषय होता. पाच किलोच्या पिशवीचा सरासरी भाव ४,२०० येनच्या वर, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. "मला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक भेट देतात," अशा आशयाचे उद्गार काढल्यामुळे कृषिमंत्री ताकु एतो यांना २१ मे रोजी पद सोडावे लागले.

दुकानातील भावफलक पाहून नातीने विचारले, "आजोबा, हे भाव व्यापाऱ्यांनी वाढविले का?" मी तिला कारणे सांगितली : सरकारने अनेक वर्षे भाताचे क्षेत्र कमी ठेवविले, २०२३ च्या तीव्र उन्हाने पिकाची प्रत घसरली, ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या भूकंपाची शक्यता जाहीर होताच लोकांनी घरोघर साठा केला. आणि हेही सांगितले की, टंचाईत ज्याच्या वखारीत माल असतो त्याची परीक्षा असते. अपरिग्रह हे व्रत पोथीत वाचावयास सोपे आहे. परंतु भाव चढत असताना रास्त नफ्यावर पोते बाहेर काढणे हेच त्याचे व्यापाऱ्यापुरते आचरण होय. तिने पुढे विचारले, "मग आपण काढतो ना?" अशा प्रश्नास शब्दांनी उत्तर देऊन भागत नाही, ते वखारीच्या दारात द्यावे लागते.

अखेरीस हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता तेथे अणुबाँब पडला. संग्रहालयातील दृश्ये लहान मुलास असह्य होतील म्हणून नातू आजीसह बागेत थांबला. नात वडिलांबरोबर आत गेली. बागेत मुलांचे शांतिस्मारक आहे. सादाको सासाकी ही मुलगी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवीत असे. १९५५ साली बाराव्या वर्षी ती वारली. तिच्या वर्गसोबत्यांनी पुढाकार घेऊन देशभरच्या शाळांतून वर्गणी जमविली आणि ५ मे १९५८ रोजी हे स्मारक उभे राहिले. नात हळूच म्हणाली, "ती माझ्याएवढी होती." घरून घडवून आणलेले कागदी पक्षी दोघा भावंडांनी तेथे वाहिले.

स्नेह्यांच्या शंकेचे उत्तर आता देता येते. नियम टिकले, इतकेच नव्हे, ते मुलांचे स्वतःचे झाले. जो नियम केवळ घराच्या भिंतींच्या आधाराने उभा असतो, त्यास परदेशाची भीती वाटणे साहजिक आहे. पण ज्याचे कारण मुलास उमगले, तो नियम त्याच्याबरोबर कोठेही जातो. हत्तींचा अंत, हरणांचे अभय आणि त्या बारा वर्षांच्या मुलीचे पक्षी पाहिल्यावर अहिंसा हा शब्द मुलांना निराळा समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

ज्या सभासदांस हा खर्च झेपण्यासारखा आहे, त्यांनी तो अवश्य करावा. मे महिन्यातील सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर निघावे. स्वयंपाकाची सोय असलेली जागा घ्यावी. रोज एकच मुख्य स्थळ पाहावे आणि आहार तपासण्याचे काम मुलांवर सोपवावे. ज्यांस जपान दूर वाटेल, त्यांनी जवळचे गाव निवडले तरी चालेल. मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावीत, हे मात्र दोहोंकडे सारखेच आवश्यक आहे.