शेवटचा नंबर

ऑपरेशनच्या यादीत एचआयव्हीबाधिताचं नाव तळाशी जातं. आधीची ऑपरेशनं लांबली की त्याचा नंबर उद्यावर, मग परवावर. केसपेपरवर लाल शाईची खूण होते, नातेवाइकांना बाहेरून ‘किट’ आणायला सांगतात. नाहीतर सरळ, ‘आमच्याकडे सोय नाही, मेडिकलला न्या.’

नागपूरचं मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हा गडचिरोली-गोंदियापर्यंतच्या माणसांचा आधार. तिथल्या एआरटी केंद्रात एचआयव्हीवरच्या गोळ्या मोफत मिळतात. पण गोळ्या नीट घेणाऱ्यालाही कधी दाढ काढायची असते, कधी बाळंतपण असतं. घराजवळच्या दवाखान्याने दार लावून घेतलं की साध्या दाढेसाठी त्याला एसटीने नागपूर गाठावं लागतं.

कर्मचाऱ्यांची भीती मला समजते. रात्रपाळीला कचऱ्याची पिशवी उचलताना मावशींच्या बोटात सुई घुसते, तेव्हा त्यांना आकडेवारी सुचत नाही. तरी आकडे सांगायलाच हवेत. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. नियमित औषधांनी विषाणू दबलेला असेल तर त्याहूनही कमी. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र शंभरात सहा ते तीस. शिवाय सुई टोचल्यावर शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करून 28 दिवस घेता येतात. त्या गोळ्या रात्री दोनला कुठल्या कपाटात आहेत, हे मावशींना कुणी सांगितलेलं नसेल, तर तो दोष रुग्णालयाचा. खाटेवरच्या रुग्णाचा नव्हे.

लाल खुणेने तर कुणाचंच रक्षण होत नाही. नुकती लागण झालेल्याची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. खूण नसलेल्या रुग्णाजवळ हात निर्धास्त होतात, धोका तिथेच असतो. म्हणून हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी, एवढा साधा नियम आहे.

पण सगळं भीतीवर ढकलता येत नाही. मुंबई आणि बंगळुरूमधले डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्ड कर्मचारी यांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गटागटानुसार 50 ते 83 टक्के लोकांना वाटत होतं की शरीरसंबंधातून किंवा नशेच्या सुईतून लागण झालेल्यांना त्यांच्या कर्माचंच फळ मिळालं. हातमोज्यांनी हा निवाडा झाकला जात नाही. 2022 मध्ये नागपुरात रक्त चढवलेल्या चार थॅलेसेमियाग्रस्त मुलांना एचआयव्ही झाल्याचं समोर आलं, मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली, सगळे हळहळले. ती हळहळ खरी होती. पण ट्रकचालकाला आणि देहविक्रय करणाऱ्या बाईलाही तेच औषध, तीच खाट, तोच स्पर्श मिळायला हवा. दवाखान्यात ‘निरपराध रुग्ण’ असा वेगळा वर्ग नसतो.

10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदा हेच सांगतो: उपचारात भेदभाव नाही, संमतीशिवाय चाचणी नाही, गुप्तता फोडायची नाही. सुरक्षेची साधनं आणि प्रतिबंधक गोळ्या पुरवणं हेही संस्थेचंच काम. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर केसपेपरच्या खिडकीवर ठळक लावा, आणि रुग्णाचं नाव बाहेर फुटणार नाही, असंही तिथेच लिहा. कारण तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग त्याच सिस्टरकडून करून घ्यायचं असतं.