‘बंदीवान’ शब्दाचा अर्थ व उपयोग

जुने कागद वाचतांना ‘बंदीवान’, ‘कैदी’, ‘ओलीस’ व ‘नजरबंद’ हे चारही शब्द एकाच अर्थाचे धरण्याची चाल आहे. आमच्या मतें ती घातक आहे. शब्द बदलला कीं धरणाऱ्याचा हेतु व धरलेल्याचा दर्जा हीं दोन्ही बदलतात. ती खूण निसटली म्हणजे कागदाचें प्रयोजनच निसटतें.

प्रथम ‘बंदीवान’ घेऊं. संस्कृत ‘बंध्’ व फारसी ‘बंद’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. ‘बंदी’ म्हणजे धरलेला माणूस, हा अर्थ दोन्ही भाषांत आढळतो. अडचण आहे ती ‘वान’ प्रत्ययाची. ‘बागवान’, ‘दरवान’ या शब्दांतील फारसी ‘वान’ राखणदार दाखवितो. त्या न्यायानें ‘बंदीवान’ म्हणजे बंदी राखणारा, तुरुंगाचा रखवालदार, असें व्हावयास पाहिजे. मराठींत तो स्वतः धरला गेलेलाच झाला. ‘धनवान’, ‘गुणवान’ अशा शब्दांच्या संवयीमुळें लोकांनीं ‘वान’ संस्कृत मानला व ‘ज्यास बंदी आहे तो’ असा अर्थ रूढ झाला, असें आम्हांस वाटतें.

या शब्दांत अपराधाचा वास नाहीं. रावणाच्या बंदींत तेहतीस कोटी देव होते असें आपण म्हणतों. त्यांनीं गुन्हा केला होता असें कोणी म्हणत नाहीं. ‘कैद’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ बेडी. त्यांत हुकुमाची छाया आहे. ‘नजरबंद’ यास बेडी नाहीं, पण नजरेआड होण्याची मुभाही नाहीं. ‘ओलीस’ सर्वांहून निराळा. तो दुसऱ्याच्या वर्तनाबद्दलचा जामीन होय.

हा भेद येसूबाईंच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो. इ. स. १६८९ च्या नोव्हेंबरांत रायगड पडला व येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हातीं लागले. त्या वेळीं दोघेंही बंदीवान. पुढें औरंगजेबानें शाहूंस राजा हा किताब व सात हजारी मनसब दिली; तरी छावणी सोडण्याची मोकळीक नव्हती. ही नजरबंदीच. इ. स. १७०७ त औरंगजेब वारल्यावर आज्जमशहानें शाहूंस सोडलें, पण येसूबाईंस ठेवून घेतलें. येथें शब्द बदलला पाहिजे. पहारा मोगलांचाच राहिला, पण आतां त्या पुत्राच्या वर्तनाबद्दल ओलीस झाल्या. इ. स. १७१९ त बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून सनदा आणल्या, त्या वेळींच त्यांची सुटका झाली. तीस वर्षांच्या या काळास सरसकट ‘कैद’ म्हटलें तर शेवटचीं बारा वर्षें शाहूंच्या राजकारणावर असलेला दाब दृष्टीआड होतो.

सुटून आलेल्या शाहूंस खानदेशांत येऊन मिळालेले परसोजी भोसले वऱ्हाडचे. पुढें वऱ्हाडांत निजाम व भोसले यांची दोअमली झाली व ती १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत चालली. त्यामुळें नांदुरा, मलकापूर या बाजूचे रुमाल सोडतांना मोडी व फारसी दोन्ही कागदांची तयारी ठेवावी. फारसींत ‘कैद करणें’ म्हणजे नोंदणें असाही अर्थ होतो. मोडी यादींत ‘बंद ५’ आलें तर तीं कागदाचीं पानें असूं शकतील, पांच माणसें नव्हेत. ‘बंदीजन’ हे तर स्तुतिपाठक भाट. त्यांस तुरुंगांत घालूं नये.

लेखकांनीं हे शब्द एकमेकांच्या जागींही योजिले आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. म्हणून केवळ शब्दावर न विसंबतां सुटका कशी झाली तें पाहावें. खंडणीनें, तहानें वा स्वारीनें सुटला तो बहुधा बंदीवान. माफीनें अथवा मुदत भरून सुटला तो कैदी. दुसऱ्यानें करार पाळल्यावर सुटला तो ओलीस. आज महाराष्ट्रांतील कारागृहांच्या सरकारी भाषेंत ‘न्यायाधीन बंदी’ व ‘सिद्धदोष बंदी’ असे प्रयोग आहेत. म्हणजे दोष सांगण्यास आजही निराळें विशेषण जोडावें लागतें. ‘बंदी’ हा शब्द स्वतः दोष सांगत नाहीं. जुन्या कागदांतही तो तसाच वाचावा.