वाट पन्हाळा–पावनखिंडीची, प्रश्न गाडी लावायचा

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ती वाट पावसाळा लागला की माणसांनी भरून जाते. पन्हाळ्यापासून या वाटेवरच्या पावनखिंडीपर्यंतची चाल पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. एखाद्या पदभ्रमण मोहिमेबरोबर येणारे ती दोन दिवसांत पुरी करतात आणि त्यांची ने-आण बसने होते. पण ही वाट टप्प्याटप्प्याने चालणारेही पुष्कळ आहेत. एका रविवारी पन्हाळा ते मसाई पठार, कधी आंबेवाडीकडचा टप्पा, कधी पांढरेपाणी ते खिंड. ही मंडळी स्वतःच्या गाडीने येतात. बूट, रेनकोट, शिदोरी यांची तयारी आठवडाभर चालते आणि गाडी कुठे लावायची हे मात्र तिथे पोचल्यावर ठरतं. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

पहिला पन्हाळ्याच्या नाक्यावरचा. पावती फाडली म्हणजे गाडीची काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. नाक्यावर नगरपरिषद घेते तो गडावर येण्याचा कर. गाडी सांभाळण्याचा करार त्यात नसतो. पैसे देऊन लावलेल्या गाडीची जबाबदारी दुसऱ्यावर कधी येते, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका हॉटेलातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात केला. त्या खटल्यात कळीचा मुद्दा होता गाडी आणि चावी हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिल्याचा. तिथे ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापून हॉटेलला हात झटकता आले नाहीत. आपण मोकळ्या जागेत गाडी लावतो, चावी खिशात घालतो आणि चालू लागतो, तेव्हा गोष्ट वेगळी असते.

‘खेड्यात काय, रस्त्याकडेला कुठेही लावा’ हा गैरसमज सगळ्यात जास्त भांडणं लावणारा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. शहरातून येणाऱ्याला जी जागा रिकामी दिसते, ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी कामाची असते. दोन बांधांमधली पाणंद म्हणजे शेतात जायचा एकमेव रस्ता. जुलैत भाताची रोपलावण चालू असते, चिखलणीचा ट्रॅक्टर सकाळीच आत जातो. पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिलेली गाडी त्या घराचा अख्खा दिवस अडवते, आणि मालक तर मसाईच्या पठारावर, फोनला रेंज नाही. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर याच अरुंद रस्त्यांनी येतात. त्यांना मागे घेता येत नाही, वळण तोडून जाता येत नाही. शेवटच्या थांब्यावरचं मोकळं मैदान तर हमखास फसवतं. तिथे एसटी वळते. तुमच्या गाडीमुळे ती वळली नाही, तर गावातली म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं खोळंबतात.

कायदाही ‘कुठेही’ म्हणत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही. कलम १२७ चालणाऱ्यांनी नीट वाचावं. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा जवळ कुणी नसताना उभी असलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात, आणि तो खर्च मालकाच्या माथी येतो. पहाटे पाचला गाडी लावून निघालेल्या माणसाचे दहा तास दुपारी तीनलाच भरतात.

मग लावायची कुठे? गावात शिरल्यावर पहिल्या माणसाला विचारायचं. ग्रामपंचायत, देवळाचं पटांगण, एखाद्याचं अंगण, चहाच्या टपरीमागची जागा. शाळेचं पटांगण फक्त सुट्टीच्या दिवशी आणि तेही विचारूनच. पोलीस पाटील भेटले तर गाडीचा नंबर, आपला नंबर, किती जण आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू एवढं सांगून ठेवावं. मोबदला द्यावा, आणि तो निघण्यापूर्वी ठरवावा. चौकीदार नसलेल्या मोठ्या मैदानापेक्षा ज्या घरातल्या आजींना तुमची गाडी दारातून दिसते ती जागा मी केव्हाही निवडेन. शिवाय तुम्ही अंधार पडला तरी आला नाहीत, हे सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतं.

मसाई पठाराबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. ‘एवढा मोठा माळ, चार गाड्यांनी काय होतंय’ असं म्हणत लोक थेट गवतात गाड्या घालतात. जांभ्या खडकावरचा मातीचा थर तिथे अगदी पातळ आहे, पावसाळी फुलं त्यातच उगवतात. ओल्या जमिनीत चाकाची चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. २०२२ मध्ये या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. रुळलेला रस्ता संपतो तिथे गाडी थांबली पाहिजे. पुढे पाय आहेतच.

पावसाचं गणितही वेगळं आहे. ‘झाडाखाली गाडी सुरक्षित’ हे उन्हाळ्यात ठीक. जुलैच्या वाऱ्यात फांदी आणि झाड दोन्ही पडतात. डोंगर कापून केलेल्या रस्त्याच्या आतल्या बाजूला वरून माती येते, बाहेरच्या बाजूला भराव खचतो. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याला चढणारा मुख्य रस्ताच खचला होता, तिथे कडेच्या मुरुमाचा काय भरवसा? सकाळी कोरडा दिसणारा ओढ्याकाठही टाळावा. उतारावर लावताना गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, आणि परतल्यावर तो दगड आठवणीने रस्त्यातून बाजूला करावा.

चोरीबद्दल दोन समज. सामान डिकीत टाकलं की झालं, असं नसतं. वाटेच्या तोंडाशी उतरून सगळ्यांसमोर लॅपटॉपची बॅग डिकीत ठेवणं म्हणजे जागा दाखवून देणं. ठेवायचंच असेल तर आधीच्या थांब्यावर. काचेवर ‘ट्रेकला गेलोय, संध्याकाळी येतो’ अशी चिठ्ठी लावणारेही आहेत. ती चिठ्ठी चोराला वेळापत्रक देते. निरोप माणसाजवळ ठेवावा. आणि विमा आहे म्हणून निर्धास्त असाल तर पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरी किंवा दरड यांची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत ती मिळते, पण गाडीतल्या खासगी सामानाची सहसा नाही.

राहिला परतीचा प्रश्न. ही वाट गोल फिरून येत नाही. खिंडीत पोचलात की गाडी पन्हाळ्यावर राहते. तिकडे परतायला मलकापूर, बांबवडे, वाघबीळ असा मोठा वळसा पडतो. वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप, मिळेल हे गृहीत धरू नये. दुपारनंतर या भागातली वडाप कमी होते आणि भरल्याशिवाय सुटत नाही. एसटीची शेवटची वेळ सकाळीच गावात विचारावी. विशाळगडापर्यंत जाणार असाल तर प्रशासनाचे चालू आदेशही पाहावेत, कारण २०२४ च्या जुलैनंतर गड काही महिने पर्यटकांसाठी बंद होता.

बऱ्याच जणांना गाडी शेवटपर्यंत नेलीच पाहिजे असं वाटतं, तेही खरं नाही. गाडी कोल्हापुरात घरीच ठेवून पहाटेच्या एसटीने पन्हाळा गाठणं एका दिवसाच्या टप्प्याला पुरतं. दोन गाड्या असतील तर आदल्या संध्याकाळी एक शेवटच्या गावात सोडून यावी. मोठा गट असेल तर दोन तुकड्या दोन टोकांनी निघतात, मध्ये भेटून चाव्या बदलतात आणि एकमेकांच्या गाड्या घेऊन येतात. यात चुकामूक झाली तर दोन्ही तुकड्या अडकतात. म्हणून भेटीचं ठिकाण पठारावर धुकं दाटलं तरी सापडेल असं ठळक असावं, मसाईच्या देवळासारखं. आणि एक तुकडी किती वाजेपर्यंत आली नाही तर दुसरीने मागे फिरायचं, हे निघण्याआधी सगळ्यांना पाठ असावं.